शैलाचा डावा डोळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. शैलाजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय—ठाऊक नाही. सांगताना आत काही हलतही नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथलेच झालो. वस्तीमागच्या नाल्यात कुठून तरी रसायनाचं पाणी यायचं, त्यातून उग्र वाफ उठायची, तिला सगळे गॅस म्हणायचे. त्याविरुद्ध तक्रार करणाऱ्यांत मी पुढे होतो. लोक मला मानायचे. आवडायचं ते—का नाही आवडणार?

त्याच उन्हाळ्यात शैला, माझी बायको, म्हणाली की डाव्या डोळ्याला लाल साडी विटकी दिसतेय. डोळा फिरवला की दुखायचा. आमच्याकडे कुणाला काहीही झालं, की गॅस बाधला म्हणायचं. तक्रारीत आमच्यासोबत असलेले इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचे एक मच्छीमार तिला म्हणाले, "वयनी, सायबांसमोर तुमीच बोला. तुमचा डोला हाच पुरावा हाय."

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. शैला डोळ्यांत थेंब घालून बाहेर बाकावर मिटल्या डोळ्यांनी बसली होती. आत त्या मला म्हणाल्या, हा गॅस नाही, डोळ्याच्या नसेला सूज आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसची सुरुवात असू शकते—यात शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पूर्वी बहुधा दुसऱ्या झटक्याची वाट बघावी लागायची. आता एमआरआय करून, पाठीतलं पाणी तपासून पहिल्या झटक्यालाच बरेचदा कळतं. लवकर औषध सुरू झालं तर पुढचं पुष्कळ टळतं. "मुंबईला न्या. उशीर करू नका."

आमच्या तक्रारीची सुनावणी तोंडावर आली होती. शैलानं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, "गॅसच आहे."

सुनावणीत ती छान बोलली. नाला बंद झाला, माझा सत्कार झाला. पाणी घाणेरडं होतं हे खरंच—पण तिचा डोळा त्यानं बिघडला नव्हता. तो आपोआप सुधारला. मग कशाला बोलायचं, असं मी ठरवलं. विसरलो होतो का? नाही. एक दिवसही नाही.

काही वर्षांनी तिचे पाय बधिर झाले. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी डोळ्याचा त्रास? शैलाच म्हणाली, गॅसमुळे झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

आता औषध चालू आहे. गेलेलं बहुतेक परत यायचं नाही, म्हणतात. वॉकर धरून ती ओट्यापर्यंत जाते. शेजारणींना अजून सांगते, गॅसनं पाय नेले. काल मी तिच्या तळपायांना तेल चोळत होतो. तिला माझा हात कळत नव्हता. ती म्हणाली, "माझ्यासाठी केवढं भांडलात हो तुम्ही."

मी चोळत राहिलो.