गेरूची भिंत

गावात त्यांना नापासमास्तर म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर सगळे 'मास्तर, मास्तर' करत. पण पाठ वळली की नापासमास्तर. एकोणतीस वर्षं त्यांनी गाडी शिकवायची शाळा चालवली आणि त्या एकोणतीस वर्षांत पहिल्या फटक्यात एकालाही पास केलं नाही. डॉक्टर पाचव्यांदा पास झाले. औषधांच्या दुकानाची मालकीण सातव्यांदा पास झाली, तेव्हा तिने त्या आनंदात दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. ज्यांना घाई असे ते नदीपलीकडच्या दुसऱ्या शाळेत जात, आठवड्यात परवाना घेऊन येत आणि महिन्याभरात कुणाचं तरी कुंपण पाडत. मास्तर ते पडलेलं कुंपण पाहायला मुद्दाम वाट वाकडी करून जात, खोटं कशाला सांगा. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जात.

मास्तरांचं घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. गाडी मागे घेणे. शाळेच्या आवाराला लागून दोन जुनी गोदामं होती आणि त्यांच्यामध्ये एक बोळ होता. बोळ सरळ असता तर काही म्हणणं नव्हतं, पण तो मध्येच काटकोनात वळायचा. ट्रक आत शिरला की दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरे. रोज सकाळी मास्तर बादलीत गेरू कालवत आणि लांब दांड्याच्या ब्रशने वळणावरच्या भिंती कमरेपासून डोक्यापर्यंत ओल्या करून ठेवत. वाळल्या की पुन्हा. ट्रक पुढून आत न्यायचा आणि उलटा बाहेर काढायचा. बाहेर आला की मास्तर चष्मा पुसून गाडीभोवती एक फेरी मारत. कुठे लाल डाग दिसला की नापास. तिथे वशिला नाही, वाद नाही, रडारड तर नाहीच नाही.

"पुढे काय, शेळीपण जाते," मास्तर म्हणत. "मागे येऊन दाखव."

मग शेजारच्या देशाचं सैन्य सीमा ओलांडून आत घुसलं आणि गावात जो तो सेनापती झाला. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं खुर्चीवरून उठून भिंतीवर बोटाने नकाशे काढत. टीव्हीवरचे जाणकार रोज सांगत, की त्यांचं सैन्य दहा वर्षं कुठे ना कुठे लढतंय, मुरलेलं आहे. आणि आपलं सैन्य? आपल्या सैन्याने संचलनं केली आणि पुरातून माणसं काढली. ऐकून लोकांच्या तोंडचं पाणी पळे. मास्तर मात्र टीव्हीवरच्या त्या लांबलचक ताफ्याकडे डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "गाड्या फार चिकटून चालल्यात."

पंधरवड्याने एक सार्जंट शाळेच्या फाटकात उभा राहिला. एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात हुकमाचा कागद.

"ओळखलंत का मास्तर?"

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाव काही आठवेना, पण क्लच आठवला. "चार वेळा नापास," ते म्हणाले.

"पाचव्यांदा पास," सार्जंट म्हणाला. "म्हणून तर आज इथे उभा आहे."

चहा आला आणि त्याने सांगितलं. शत्रूचे रणगाडेवाले खरंच मुरलेले, त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यामागे डिझेल आणि दारूगोळा घेऊन येणारे ट्रकवाले दोन महिन्यांपूर्वी भरती झालेली पोरं. एका पुलावर त्यांचा पहिला ट्रक पेटला आणि मागचे ऐंशी जागच्या जागी ठप्प झाले. एकालाही मागे येता येईना. एकमेकांत घुसले, आडवे झाले, आणि मग आपल्या तोफांना नेमसुद्धा धरावा लागला नाही.

"आणि आपले?" मास्तरांनी विचारलं.

"आपलीही तीच गत. दुसऱ्या दिवशी आपला ताफा सापडला तसाच. बारा ट्रक. मी दोन किलोमीटर मागे घेत आणला माझा. एकटाच आलो." सार्जंटने कप खाली ठेवला. "मला तुमच्याकडून साठ ड्रायव्हर हवेत. एकवीस दिवसांत."

"एकवीस दिवसांत मी माणसाला सीटवर नीट बसायला शिकवतो," मास्तर म्हणाले. पण कागद त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी आवारात साठ जण जमले. बेकरीवाला, गाणं शिकवणारी बाई, सुतार, कॉलेजातली मुलंमुली, आणि वीस वर्षं गाडी चालवणारे सात टॅक्सीवाले. मास्तरांना सगळ्यांत जास्त छळलं ते टॅक्सीवाल्यांनी. त्यांना सगळं येत होतं ना! आरशात न बघता मान बाहेर काढायची, एक हात खिडकीवर, एका बोटावर स्टेअरिंग. तिसऱ्या दिवशीही सातही ट्रक लाल होऊन बाहेर आले.

"त्यांच्या सैन्याचं हेच आहे," सार्जंट हसून म्हणाला. "दहा वर्षं लढले, पण कुणाशी? ज्यांच्याकडे उलटा मारा करायला काही नव्हतं त्यांच्याशी. कुणी मागे रेटलंच नाही, मग मागे यायला शिकणार कधी?"

"म्हणजे आमचे टॅक्सीवालेच की," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं.

एरवी त्यांचं जमत नव्हतं. मास्तरांना हवी शांतता. दोन्ही आरसे, पाय हलका, घाई नाही. सार्जंट पत्र्याचा डबा दुखऱ्या हाताच्या काखेत धरून खिडकीला खेटून उभा राही आणि काठीने बडवे. मध्येच ओल्या पाल्याचा धूर करी. "तिथे कुणी बासरी वाजवत नाही मास्तर!" असं ओरडे. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तर त्याला एकदा ट्रकमधूनच सांगितलं, की बडवायचं तर निदान तालात बडवा. आश्चर्य म्हणजे त्या दिवसापासून बाई एकदम झकास गाडी मागे घेऊ लागल्या.

आता यादीतल्या एक्केचाळिसाव्या नावाकडे वळायला हवं. ते नाव वाचताना मास्तरांची जीभ अडखळली होती, कारण ती त्यांची लेक होती. वय तेवीस, नोकरी टपाल कचेरीत. पायाला भिंगरी लागलेली म्हणून लहानपणापासून नाव भिंगरी. मास्तरांनी तिला बाराव्या वर्षापासून या आवारात शिकवलं होतं. गावात त्यांच्याइतक्या सफाईने ट्रक मागे घेऊ शकणारं दुसरं माणूस ती होती, पण हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की पोरं बिघडतात, असं त्यांचं मत.

घरी त्या दिवशी बरंच वाजलं. शेवटी भिंगरी म्हणाली, "बाबा, मला सूट नको आणि जाचही नको. भिंत काय सांगेल ते मी ऐकेन."

"ऐकशील?"

"आजवर कधी ऐकलं नाही असं झालंय का?"

एकविसाव्या दिवशी परीक्षा झाली. सकाळपासून एकेक ट्रक आत जाऊन उलटा बाहेर येत होता. तोवर चौतीस पास झाले, त्यात टॅक्सीवाले चार. मास्तरांच्या हिशेबी हा चमत्कारच. मग भिंगरीचा नंबर आला. सार्जंटने डबा बडवला, धूर केला, वर शिव्याही घातल्या. ट्रक वळणावरून असा आला, की पाहणाऱ्याला वाटावं बोळच जरा सरकून बसला. मास्तर फेरी मारायला पुढे झाले. डावी बाजू कोरी, उजवी कोरी. मागे आले, फाळका कोरा. पलीकडे तिचा खोकण्याचा आवाज येत होता. मागे त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

बादली पायाशीच होती. मास्तरांनी अंगठा बुडवला आणि मागच्या मडगार्डच्या कोपऱ्यावर ओढला.

"नापास," ते म्हणाले.

भिंगरी उतरून आली. डागाकडे बराच वेळ बघत राहिली. तिने वाद घातला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "लागली होय," ती एवढंच म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही."

दुपारी जेवताना मास्तरांची मान ताटातून वर येईना. बायकोने पाणी ठेवलं आणि तिथेच थांबली.

"अहो, अंगठा कशाने रंगलाय?"

"गेरू. भिंती रंगवल्या सकाळी."

"भिंती तुम्ही ब्रशने रंगवता," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं बघतेय मी."

मास्तरांनी अंगठा मुठीत लपवला. तिचे डोळे भरून आले. रागाने की सुटल्यासारखं वाटून, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. लेक घरात राहणार होती, हेही खरंच होतं. खिडकीतून आवार दिसत होतं. तिथे भिंगरी एकटीच सराव करत होती. ट्रक बोळातून बाहेर आला. उजवी बाजू लाल. पुन्हा आत गेली. आता डावी लाल. जी भिंत तिला अकरा वर्षं लागली नव्हती, ती आता हटकून लागत होती. वळणावर ती थांबत होती, चाचरत होती, आरशावर विश्वास न ठेवता मान बाहेर काढत होती, टॅक्सीवाल्यांसारखी. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला.

ते तसेच उठून आवारात गेले. "अगं, आता कशाला दमतेस? झाली परीक्षा. चल घरी."

"घरी कशी? उद्या सकाळी निघायचंय."

"तू नापास आहेस!"

"हो, म्हणून ड्रायव्हर नाही. सार्जंटने नापास झालेल्यांना क्लीनर म्हणून घेतलंय. मला त्या टॅक्सीवाल्या काकांबरोबर दिलंय, मिशीवाल्या." ती घाम पुसत म्हणाली. "भिंतीचं ऐकेन म्हणाले होते, ते ऐकलं. मी ड्रायव्हर नाही हे भिंतीने सांगितलं. घरी बस असं कुठे सांगितलं?"

मिशीवाला सकाळी काठावर पास झाला होता. भर उतारावर आरशात मिशी बघणारा माणूस तो. आपण लेकीला लढाईतून काढलं नाही, फक्त तिच्या हातातून स्टेअरिंग काढून घेतलं, आणि वर तिच्या हातांवरचा तिचा भरवसाही, हे मास्तरांना तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं.

त्यांनी शिट्टी फुंकली. साठही जण जमले. मास्तरांनी उजवा हात वर केला आणि लाल अंगठा सगळ्यांना दाखवला.

"सकाळी हिची गाडी कोरी आली होती," ते म्हणाले. "डाग मी लावला."

डॉक्टरांनी पाचदा, औषधवालीने सातदा ज्याच्यापुढे मान तुकवली तो हा माणूस. सार्जंट तेवढा पुटपुटला, "तरी म्हटलं, ती नापास कशी."

भिंगरी मात्र पेटली. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मी तुमच्या भिंतीला देव मानलं, बाबा!"

"लिहितो पास. आत्ता लिहितो."

"नको मला ते पास. आता मलाच खात्री वाटत नाही. बघितलंत ना? चारदा लागली!"

मास्तरांनी बादली उचलली आणि भिंती पुन्हा ओल्या केल्या, निथळेपर्यंत. मग ब्रश टाकला आणि बोळात शिरले. वळणाच्या नेमक्या कोपऱ्यात, जिथून ट्रकचा मागचा भाग वीतभरावरून जातो, तिथे भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले.

"मास्तर, बाहेर या!" सार्जंट ओरडला. "बोळात माणूस उभा करायचा नाही, हा तुमचाच नियम!"

"माझे नियम मी सकाळीच मोडलेत," आतून आवाज आला. "भिंगरे, घे गाडी. दोन्ही आरसे, पाय हलका. डबा बडवा हो सार्जंट, असे बघता काय!"

सार्जंटने डबा बडवला नाही. भिंगरीने ट्रक आत नेला, डोळे पुसले आणि तो मागे घेतला. मान तिने बाहेर काढली नाही. आरशात बाबा दिसत होते, पोट आत ओढलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. ट्रकचा कोपरा त्यांच्या कोटाच्या बटणांसमोरून गेला. मास्तरांनी श्वास धरला होता, पण डोळे उघडे होते. ट्रक वळला, सरळ झाला आणि बाहेर आला.

सगळ्यांनी गाडीभोवती फेरी मारली. ट्रक कोरा होता, कुठे ठिपका नाही. मग बोळातून मास्तर आले. ते वळले, आणि सगळ्यांना मानेपासून कमरेपर्यंत लालेलाल झालेली त्यांची पाठ दिसली.

भिंगरीने खिडकीतून पाहिलं. हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.

"भिंत लागली, बाबा," ती म्हणाली. "नापास."

"मान्य," मास्तर म्हणाले, आणि तिथेच बॉनेटवर कागद ठेवून तिच्या नावापुढे 'पास' लिहिलं. पहिल्या फटक्यात पास, असंही लिहिलं, कारण ते खरं होतं. ते सही करत असताना सार्जंटने गुपचूप कागद धरून ठेवला.

सकाळी साठ जण निघून गेले. पहिला ट्रक भिंगरीचा होता आणि मिशीवाला तिचा क्लीनर. त्यानंतर अठरा दिवस मास्तर फोन उशाशी, खिशात, ताटाशेजारी घेऊन बसले. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तो वाजला.

"बाबा, काल रस्ता फुटला पुढे. सगळा ताफा मागे घेतला, दीड किलोमीटर. बावीसच्या बावीस आलो."

मास्तरांना बरंच काही बोलायचं होतं. बायको शेजारी उभी राहून खुणा करत होती, विचारा, जेवलीस का विचारा. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आरसे?"

"दोन्ही," लेक म्हणाली.