बॅटरीताईंचं दुकान बंद करायला गेलो तेव्हा

मी तापट माणूस आहे. सव्वीस वर्षं आगी विझवतोय, त्यामुळे कोणी मला शिकवायला लागलं की डोकं फिरतं. त्या दिवशी मी बॅटरीताईंकडे गेलो तो सात दिवसांत दुकान बंद करा, अशी नोटीस घेऊन.

बॅटरीताई म्हणजे स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या बाई. दहा बाय बाराचं दुकान, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि जिभेला हाड नाही. बॅटरीवरच्या स्कूटरी वाढल्या तशा त्यांच्या आगीही वाढल्या. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी अर्ज ठोकला, या दुकानामुळे गल्लीला धोका आहे म्हणून.

नोटीस वाचून बाईंचा चेहरा पडला. वीस वर्षं एकेक गिऱ्हाईक जोडलेलं, दुसरं काही हाताशी नाही. "सही कुठे करू?" एवढंच म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सकाळी आम्ही विझवून आलो होतो ती स्कूटर पुन्हा पेटली होती. समोरच्याच अंगणात, आणि हेडमास्तरांचीच!

"पाणी मारून लगेच निघालात ना?" बाई म्हणाल्या.

"मग काय, तिथे मुक्काम ठोकायचा?"

"वरून विझते हो ती, आतून धुमसत राहते. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायला लागते."

"स्कूटर बुडेल एवढं भांडं आणू कुठून?"

बाईंचा नवरा कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यांनी सरळ त्याला फोन लावला. "अहो, कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा रिकामा करून इकडे आणा. का ते नंतर विचारा!"

आमचा बंब आला, पाण्याचा मारा सुरू झाला. मागोमाग डबाही आला. तो आम्ही काठोकाठ भरला आणि लांब आकड्यांनी उचलून, चार हात लांब राहून, स्कूटर आत सोडली. केवढी वाफ उठली! हेडमास्तर "अहो, माझी स्कूटर!" म्हणून ओरडले.

"राहू द्या सर, आंघोळ करतेय ती," बाई म्हणाल्या. अख्खी गल्ली हसली, मीसुद्धा.

स्कूटर पुन्हा पेटली नाही. संध्याकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं, बाईंनी मला झापलं तेही. साहेब म्हणाले, "दुकान बंद केलं तर पुढच्या वेळी विचारणार कोणाला? बॅटऱ्या लोखंडी पेटीत ठेवायला सांग आणि नोटीस मागे घे. कचऱ्याच्या गाडीवाल्याचा नंबर फोनशेजारी लाव. आणि उद्या सगळ्यांना घेऊन जा तिकडे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बंब दुकानासमोर थांबला. लोक खिडक्यांत जमले. बाई शटर अर्ध्यावर धरून उभ्या होत्या, डोळे रडून सुजलेले. "एवढी फौज कशाला आणलीत? मी गुपचूप बंद केलं असतं की!"

"नोटीस रद्द झाली, ताई. आम्ही शिकायला आलोय," मी म्हणालो, आणि आम्ही आठही जण दुकानात फरशीवर दाटीवाटीनं बसलो.

बाई बघतच राहिल्या. मग शटर धाडकन वर ढकललं, डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही पुढे या. तुम्हाला जास्त गरज आहे."