आपली की आमची

पाद्री इंग्रजीत गरजत होते, "तुमची संस्कृती स्वच्छ होती! पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं हे पाप बाहेरून आलंय. उपटून टाका!" आणि हे सांगणारा कोण, तर कालच अमेरिकेहून विमानानं उतरलेला पाहुणा!

कंपालातल्या त्या चर्चमध्ये मला शेजारच्या सॅम्युएलनं नेलं होतं. त्याचं एका पुरुषावर प्रेम आहे, हे त्यानं दोघांनाच सांगितलं होतं, मला आणि त्याच्या थोरल्या भावाला. तोच भाऊ पाद्र्यांशेजारी उभा राहून त्यांचं बोलणं लुगांडा या तिथल्या भाषेत सांगत होता. 'तुमची' या शब्दापाशी त्यानं आवाज चढवला आणि तो शब्दच बदलला.

सॅम्युएल पुटपुटला, "आमच्या गावात असे दोघं एकत्र राहायचे. लहानपणी दादा त्यांच्याच घरी जेवायचा."

लुगांडात 'आपली' आणि 'आमची' यांना एकच शब्द आहे; 'तुमची'च्या जागी त्यानं तोच घातला होता. म्हणून ते वाक्य मनात मराठीत करताना मी अडखळले. 'आपली' म्हणावं, तर पुढ्यात बसलेला धाकटा भाऊही त्यात येतो. तेवढ्यात दादानं सॅम्युएलकडे पाहिलं, नजर फिरवली आणि "उपटून टाका" म्हणाला.

मी 'आमची' केलं.