पौर्णिमेच्या दिवशी पहिला राउंड

“उद्या पहिला राउंड. जीपीओ, लेफ्टनंट पगारे,” आमचे इन्स्ट्रक्टर मेजर थॉमस म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली. शेजारच्याने माझ्या पाठीत थाप मारली. अख्ख्या कोर्समध्ये पहिला राउंड, म्हणजे पहिला गोळा डागायचा मान, एकालाच मिळतो, त्यामुळे मी खूश व्हायला हवं होतं. पण माझ्या खिशात त्याच उद्याच्या दिवसासाठी लिहिलेला आउटपासचा अर्ज होता, चार घड्या घातलेला.

आधी थोडं समजावून सांगते. सैन्यात अधिकारी झालं की आपापल्या शाखेचं काम शिकायला कोर्सला जावं लागतं. माझी शाखा तोफखाना, म्हणून मी देवळालीला आले. जीपीओ म्हणजे गन पोझिशन ऑफिसर. एक अधिकारी दूर टेकडीवर बसून लक्ष्य बघतो आणि रेडिओवर सांगतो. जीपीओ मागे तोफांपाशी उभा राहून त्याचे आकडे करतो आणि तोफांना हुकूम देतो. तोफेवरच्या माणसांना लक्ष्य कधी दिसत नाही. त्यांना दिसतो तो जीपीओ, आणि ऐकू येतो त्याचा आवाज.

पहिल्या राउंडच्या आधी जीपीओला आणखी एक काम असतं, जे कुठल्याच पुस्तकात नाही. तोफेची पूजा. बॅरलला झेंडूचा हार, कुंकवाचा टिळा, उदबत्ती आणि मग नारळ. नारळ अधिकाऱ्यानेच फोडायचा. सैन्यातला रिवाजच तसा आहे. जवानाचा जो देव, तो अधिकाऱ्याचा देव. अधिकाऱ्याने घरी कुणापुढेही हात जोडावेत, युनिटमध्ये तो जवानांच्या मंदिरात पुढे उभा राहतो.

आता माझं घर. आम्ही बौद्ध. आजोबा येवल्याकडचे, त्यांनी दीक्षा घेतली. तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या नाशिकच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत. टांगल्या म्हणून पाळत नाही, पाळतो म्हणून टांगल्यात, असं पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. देवदेवतांची पूजा करायची नाही, हे त्यांतच आलं. आमच्याकडे नारळ फुटतो तो फक्त वाटणाला.

अकॅडमीत असताना हा प्रश्न कसाबसा निभावला होता. तिथे रविवारी सकाळी रांगा लागायच्या. मंदिर, गुरुद्वारा, चर्च, मशीद. बौद्धांची रांग नव्हती. “मंदिरवालों में मिल जाओ,” कवायत घेणारे उस्ताद म्हणाले. मी मिसळले आणि शेवटच्या ओळीत उभी राहिले. फोनवर पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, “उभं राहा. हात जोडू नको.” आई म्हणाली, “आधी ऑफिसर हो, मग बघू.” शेवटच्या ओळीत हे जमून जातं. जीपीओला शेवटची ओळ नसते.

त्यात उद्या बुद्धपौर्णिमा होती. अकॅडमी दक्षिणेत, मग पहिलं पोस्टिंग राजस्थानात. दर पौर्णिमेला आईचा फोन यायचा आणि ती विहारातल्या लाउडस्पीकरजवळ फोन धरून मला वंदना ऐकवायची. आमच्या कॉलनीतला लाउडस्पीकर फाटका आहे, बौद्धाचार्य काकांचा आवाज त्यातून सर्दी झाल्यासारखा येतो. राजस्थानात मी तो आवाज कानाला लावून वाळूत बसले होते. देवळालीचा कोर्स लागला तेव्हा सगळ्यात आधी मी कॅलेंडर बघितलं. पौर्णिमा कोर्समध्ये पडत होती. घर मेसपासून स्कूटरवर अर्ध्या तासाचं. रविवारी मी दोन तास जाऊन यायचे, पण पाहुण्यासारखं. आईने पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, माझ्या मापाचा ब्लाउज शिवून. मला त्या गर्दीत जमिनीवर मांडी घालून बसायचं होतं, बाकी काही नको होतं.

मी मेजर थॉमस यांच्या ऑफिसात गेले. ते केरळचे. आमचं बोलणं इंग्रजीत आणि थोडं हिंदीत झालं, इथे मराठीत देते.

“सर, उद्या मला घरी जायचं होतं. बुद्धपौर्णिमा आहे.”

“उद्या पहिला राउंड आहे, पगारे. लोक यासाठी भांडतात.”

“हो सर. आणि दुसरं एक आहे. नारळ मी फोडू शकणार नाही.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी कोण आहे?”

“ख्रिश्चन, सर.”

“मी किती नारळ फोडले ते मला आठवत नाही. आरती मला अख्खी पाठ आहे. माझ्या आईला हे माहीत नाही, आणि माझ्या देवाने अजून तक्रार केलेली नाही.”

“सर, तुम्ही ते न करण्याची शपथ घेतलेली नाही. मी घेतली आहे.”

त्यांनी चष्मा परत घातला. सैनिकापुढे शपथ हा शब्द काढला की त्याला पुढचं बोलणं जड जातं. त्याच्या सगळ्या नोकरीचा पाया तोच असतो.

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “मग तोफेवरच्या पोरांना तू सांग. मी सांगणार नाही. आणि ऐक. उद्या सकाळी त्यांच्यातल्या एकाच्याही मनात किंतु दिसला, तर जीपीओ दुसरा. पास आता विसर.”

पास विसरता येत नव्हता, पण “येस सर” म्हणून मी निघाले आणि थेट तोफा ठेवतात त्या गन पार्कमध्ये गेले.

तोफेच्या तुकडीचा जो प्रमुख असतो त्याला नंबर वन म्हणतात. आमचे नंबर वन हवालदार देवरे, सटाण्याकडचे. साहेब मुलगी आहे हे त्यांनी पहिल्या आठवड्यात पचवलं होतं. ते बॅरलमध्ये लांब ब्रश घालून सफाई करून घेत होते. मी त्यांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

देवरेंनी चिंधीला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले.

“म्हंजे तुम्ही जयभीमवाले.”

“हो.”

“ते ठीक हाय. आमच्या गावात बी हायेत, लय जवळचे हायेत. पन मॅडम, नारळ देवासाठी नसतो. पोरांसाठी असतो. साहेबानं नारळ फोडला म्हंजे साहेबाचा जीव बी तोफेपाशी हाय, असं वाटतं त्यांना.”

“माझा जीव तोफेपाशीच आहे, देवरे.”

“त्यांना दिसाया पाहिजे ना.”

 त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते दुखावले होते, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला. मी तोफेच्या चाकाकडे बघत उभी राहिले. मग विचारलं, “तुमच्या घरी ट्रॅक्टर आहे?”

“हाय. मागच्या दिवाळीत घेतला.”

“त्याला नारळ कोणी फोडला? शोरूमवाल्याने?”

“तो कशाला फोडंल? मी फोडला. घरात मोठा मी.”

“मग या तोफेच्या घरात मोठं कोण?”

देवरेंनी चिंधी खांद्यावर टाकली.

“नारळ तुम्ही फोडा,” मी म्हणाले. “मी समोर उभी राहून तोफेला सॅल्यूट करीन. पूजा संपेपर्यंत माझा हात खाली येणार नाही.”

हे मी हवेतून काढलं नव्हतं. पायदळाला निशाण असतं, ते समोरून गेलं की सगळे सॅल्यूट करतात. तोफखान्याला वेगळं निशाण नाही. आमची तोफ हेच आमचं निशाण. तिला सॅल्यूट करणं माझ्या शपथेत बसत होतं, दोन्ही शपथांत.

“पोरांना विचारतो,” देवरे म्हणाले. ते तुकडीकडे गेले, सगळ्यांना विचारलं, त्यांच्यातल्या एकाशी अहिराणीत काहीतरी बोलले, आणि परत आले. “चालंल म्हनतात. पन खूश नाय.”

खूश तर मीही नव्हते. रात्री आईला फोन करून उद्या येत नाही म्हणाले आणि नारळाची अडचणही सांगितली.

सकाळी फायरिंग रेंजवर पोचलो तेव्हाच ऊन चटके देत होतं. वैशाखात तिथलं गवत इतकं वाळलेलं असतं की पाय ठेवला तरी मोडतं. तोफा लावायच्या आधी दिशा पक्की करावी लागते. त्यासाठी तिपाईवर बसवलेलं एक यंत्र असतं, डायरेक्टर म्हणतात त्याला, त्याला छोटी दुर्बीण असते. काम संपल्यावर मी ते शहराच्या बाजूला फिरवलं. डोंगर दिसला. सगळं नाशिक त्याला पांडवलेणी म्हणतं, आमच्या घरी त्रिरश्मी, कारण तिथली लेणी बौद्ध. दर पौर्णिमेला सकाळी आम्ही त्या पायऱ्या चढायचो, पप्पा पुढे, आई मागे पाण्याची बाटली घेऊन, आणि मी मध्ये कुरकुरत. आत्ताही आई तिथे असणार होती. इतक्या लांबून माणूस दिसणं शक्य नव्हतं, हे मला शिकवलेलं होतं. तरी मी बघत राहिले, रेडिओवर माझं नाव येईपर्यंत.

पूजा झाली. देवरेंनी टिळा लावला, उदबत्ती ओवाळली आणि नारळ एका फटक्यात फोडला. मी सॅल्यूटमध्ये उभी होते. हात खाली आला नाही, जयघोष झाला तेव्हाही नाही. मेजर थॉमस लांबून बघत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालू दे.

हुकूम आला, मी आकडे काढले, तपासले, सांगितले. देवरेंनी हात वर केला. मी म्हणाले, “फायर.”

खट्. एवढाच आवाज. तोफ उडाली नाही.

याला मिसफायर म्हणतात. काडतुसाच्या बुडाशी एक प्रायमर असतो, काडेपेटीतल्या गुलासारखा. तो पेटला नाही की असं होतं. नेहमी होत नाही, पण होतं. धोका हा की तो उशिरानेही पेटू शकतो. म्हणून ठरलेला वेळ थांबायचं, तोफेजवळ गरजेपुरती माणसं ठेवायची, बाकीच्यांनी मागे जायचं.

बाकीचे मागे गेले.  सगळ्यांचे डोळे एकदा नारळाच्या तुकड्यांकडे गेले आणि एकदा माझ्याकडे आले.

जीपीओची जागा तोफांच्या थोडी मागे, कमांड पोस्टमध्ये असते. मी रेडिओ सहायकाच्या हातात दिला आणि चालत तोफेपाशी गेले. देवरेंच्या बाजूला, हात लागेल इतक्या अंतरावर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. मग माझ्या लक्षात आलं की माझेही हलत होते. मी त्रिसरण म्हणत होते, बुद्धं सरणं गच्छामि. त्याच वेळी विहारातही तेच चाललेलं असणार, या विचारात एक ओळ सुटली. ती मी परत पहिल्यापासून म्हटली.

वेळ भरली. काडतूस बदललं. “फायर.” या वेळी तोफ अशी उडाली की पायाखालची जमीन सरकली. थोड्या वेळाने टेकडीवरून रेडिओ आला, राउंड लक्ष्याच्या जवळ पडला होता.

“तुम्ही यायला नको होतं,” देवरे म्हणाले. “ड्रिलमधी नाय ते.”

“ड्रिलमध्ये नारळही नाही.”

ते हसले, आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच. मग खोबऱ्याचा एक तुकडा हातात घेऊन घुटमळले. “प्रसाद नका समजू मॅडम. खोबरं हाय.”

मी ते खोबरं म्हणून खाल्लं. त्या उन्हात फार गोड लागलं.

मिसफायर झाला की रिपोर्ट द्यावा लागतो, काडतूस वेगळं ठेवावं लागतं, जबाब होतात. जबाब संपेस्तोवर दिवस मावळला. मेजर थॉमस यांनी आधी मला कमांड पोस्ट सोडल्याबद्दल यथेच्छ झापलं. ग्रेडिंगमध्ये ते तसं लिहिलंही. मग म्हणाले, “उद्या पूर्ण दिवस घरी जा.”

“सर, पौर्णिमा आज होती.”

“तुझ्या बुद्धाला एक दिवस उशीर चालणार नाही?”

“बुद्धाला चालेल, सर. आईला नाही.”

 त्यांनी पासवर सही केली.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा कॉलनीतला मांडव सोडत होते. आईने दार उघडलं आणि चपला काढायच्या आत विचारलं, “नारळ?”

“हवालदाराने फोडला. मी सॅल्यूट केला.”

“सॅल्यूट चालतो,” पप्पा आतून म्हणाले.

आईने फ्रीजमधली खीर काढली. पांढरी साडी हँगरला तशीच होती. “नेस,” ती म्हणाली, “आपण तिघं बसू वंदनेला.” आम्ही बसलो. पंख्याच्या आवाजात पप्पांचा आवाज बारीक वाटत होता. गर्दी नव्हती, पोरांचा गोंधळ नव्हता, सर्दी झालेला लाउडस्पीकर नव्हता. मला रडू आलं. आईला वाटलं ग्रेडिंगमुळे.

आता मी ईशान्येच्या डोंगरात आहे. इथे आजूबाजूची सगळी गावं बौद्धच. मोठे मठ, मोठे कर्णे, तुपाचे दिवे. पौर्णिमेला मी तिथे जाते, लोक प्रेमाने पुढे बसवतात. हात जोडताना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पण मंत्र वेगळे, चाल वेगळी. मी डोळे मिटून बसते आणि मला आमची कॉलनी आठवत राहते.

युनिटमध्ये नवी पोरं येतात, त्यांना मी एवढंच सांगते. सुट्टीच्या अर्जात सण म्हणून कारण लिहू नका. सण दुसऱ्या दिवशीही करता येतो, असं प्रत्येक साहेबाला वाटतं. आई वाट बघतेय, असं लिहा. सुट्टी त्यानेही मिळत नाही, पण साहेब नाही म्हणायला जरा वेळ घेतो.