न हलणारा ठिपका

त्यांचं नाव सुवर्णाताई. आडनाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. धुळ्याच्या धावपट्टीवर त्या पोरापोरींना विमान उडवायला शिकवतात, एवढंच ठाऊक आहे. काय घडलं ते सांगण्याआधी त्यांचं नाव घेतो, कारण त्या माझ्या शेजारी बसल्या नसत्या तर तो दिवस मला वेगळाच आठवला असता.

मी नववीत शाळा सोडली आणि फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीबरोबर हैदराबादला आलो. पोटापाण्याचं इथेच झालं, पण श्रावण लागला की जीव धरणगावाकडे, आमच्या गावाकडे ओढतो. कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी. ती बसायच्या आधी घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या नदीवर धुवायला जायच्या. आम्ही पोरं ओल्या गोधडीची टोकं धरून पिळायचो आणि मुद्दाम एकमेकांना भिजवायचो. रविवारी चौरंगावर, केळीच्या खांबांमध्ये, डोळे आणि नथ लावलेली नारळाची कानबाई बसायची. बायका रात्र गाण्यांत घालवायच्या आणि सोमवारी सकाळी आई तिला डोक्यावर घेऊन नदीला निघायची. कामापायी बरीच वर्षं तो श्रावण मला मिळाला नव्हता. या वर्षी आईचा फोन आला. तिची नजर जात चालली होती आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती रडली नाही. आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "डोयामा उजेड शे तवलगून येई जाय. तुनं तोंड देखी लेसू."

रेल्वेचं तिकीट काही मिळेना. शेवटी कामावरच्या शेठनी विमानाचं काढून दिलं, नेमकं रविवारचं. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो.

जळगाव जवळ आलं तेव्हा खाली नुसता ढग होता. विमान डुचमळत उतरत होतं. एकाएकी ढग फाटला, केळीच्या बागा दिसल्या, कपाशीची शेतं दिसली. आलंच आता गाव, असं मनात येतंय तोच इंजिन मोठ्याने घुमलं आणि विमान परत वर निघालं. पुन्हा सगळं पांढरं. स्पीकरवर सांगितलं की अजून एकदा प्रयत्न करू, नाहीतर हैदराबादला माघारी जावं लागेल. मी खुर्चीचे हात घट्ट आवळून धरले. वाटलं, इतकी वर्षं आलो नाही म्हणून कानबाईच मला उतरू देत नाही. श्रावण काय, पुढच्या वर्षी परत येईल. पण तोवर आईला मी दिसेन का? मी तोंडाने कानबाईचा धावा करत होतो, हेसुद्धा मला कळलं नाही.

"कोठला शेतस भाऊ?" शेजारून आवाज आला.

तिथे, त्या ढगात, आपली बोली कानावर पडली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी गाव सांगितलं, आईचं सांगितलं. सुवर्णाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिले ती खुर्ची सोडा. ती काय पळी नही चालनी."

मग त्यांनी आपलं नाव सांगितलं, धुळ्याला विमान उडवायला शिकवते म्हणाल्या, आणि मला समजावलं. उतरणं काही पट्टी दिसल्यावर सुरू होत नाही. किती लांबून किती खाली यायचं हे आधीच ठरवलेलं असतं, हजार फूट उतरायला साधारण तीन मैल लागतात. आज ढगामुळे पट्टी उशिरा दिसली आणि आपण उंच राहिलो. अशा वेळी नाक दाबून विमान खाली घातलं तर वेग वाढतो आणि चाकं पट्टीवर फार पुढे टेकतात. त्यांनी आपला पंजा डोळ्यांसमोर उभा धरला. पट्टी अशी लांब, निमुळती दिसली तर आपण उंच. मग पंजा आडवा केला. अशी चपटी दिसली तर फार खाली. मी विचारलं, नेमकं कुठे टेकणार हे पायलटला कसं कळतं? त्या म्हणाल्या, पट्टीवरचा एक ठिपका समोरच्या काचेत नजरेने धरायचा. तो काचेत खाली सरकला तर आपण त्याच्या पुढे जाणार, वर सरकला तर अलीकडेच पडणार.

"जो ठिपका हालत नही, तठेच आपण पोचतस," त्या म्हणाल्या. "आणि नही जमनं तर हट्ट करानं नही. परत वर जावानं. आते त्यानी तेच करं."

मी खुर्ची सोडली. डोळे मिटले आणि आईचं तोंड समोर धरलं. मागणं थांबवलं. कानबाईला म्हटलं, उतरव किंवा परत ने, हा तुझा पोरगा तुझ्या हातात आहे. किती वेळ गेला माहीत नाही. विमान वळताना ताई खिडकीतून बघत हळूच म्हणाल्या, "पट्टी लांबूनच दिसी गयी. आते बराबर शे." आणि थोड्या वेळाने चाकं टेकली. त्या हसल्या, "देखा, जमीनले समजनंबी नही."

मी वरची पिशवी काढून वळेपर्यंत त्या पुढे निघून गेल्या होत्या. आभार मानायचे राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईने दोन्ही हातांनी माझं तोंड धरून समईजवळ ओढलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दाढी करीसन येवानं ना." सगळं घर हसलं. मी दाराआड जाऊन डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी कानबाई तिच्या डोक्यावर होती आणि तिचा हात माझ्या हातात. आता तिला नुसत्या सावल्या दिसतात. पण त्या रात्री दिसलेलं माझं तोंड ती फोनवर अजून सांगते, दाढीसकट.

तो ढग देवीने सारला की वाऱ्याने, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी घाबरट माणूस आहे, आजही आहे. पण काही बिनसलं की आता जोर करत नाही. नजर एका जागी ठेवतो, पुन्हा वर जावं लागलं तर जातो, आणि बाकीचं तिच्यावर सोडतो.

सुवर्णाताई, हे कधी तुमच्या वाचनात आलं तर ओळखा, तो मीच. एक ना एक दिवस मी धुळ्याला येईन, हातात साडीचोळी घेऊन, आणि तुम्हाला आमच्या कानबाईला घेऊन जाईन.