फिरत्या कापडाची बाई

"सूत ज्याचं, लुगडं त्याचं," असं म्हणून ती हातातली चहाची कपबशी खाली ठेवायची. कपबशी खाली गेली की समजायचं, विषय संपला. बँकेचे साहेब कर्ज देऊ करत आले, तेव्हा ती खाली गेली. जरीपटका भागातला एक व्यापारी भागीदारी मागायला आला, तेव्हाही गेली. साहेबांचा चहा अर्धा राहिला होता, पण त्यांनाही उठावं लागलं.

सत्तरच्या दशकात तुम्ही नागपूरच्या सीताबर्डीत खरेदीला आला असाल, तर तिला पाहिलं असेलच. पाहिलं नसेल तर ऐकलं तरी असेल. सायकलरिक्षाच्या टपावर भोंगा, मागे पाय दुमडून बसलेली ती, हातात माइक. साड्या, शेवया, दंतमंजन, नवा सिनेमा, सगळं ती एकाच आपुलकीने सांगायची. जणू घरातल्या बायकांना म्हणते आहे, जरा बघून तर घ्या.

मी तिचा हेवा करत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आडपडदा नको.

बर्डीच्या एका गल्लीत माझा छापखाना होता. जाहिरातीची पत्रकं ही माझी खासियत. अक्षर सुबक, कागद गुलाबी किंवा पिवळा, वेळ पक्की. धंदा दोघींचा एकच, लोकांनी न विचारलेलं त्यांना सांगायचं. फरक इतका की माझं पत्रक लोक घेत आणि चार पावलांवर त्यात फुटाणे बांधत. तिचा रिक्षा आला की मात्र आमचे हे प्रूफं टाकून दारात जाऊन उभे राहत. काय पाहता म्हणून विचारलं, तर म्हणत, हवा खातो आहे. ऑक्टोबरात, नागपुरात, दुपारी, हवा.

ती गोळीबार चौकाकडच्या कोष्ट्यांच्या घरातली सून. तिच्या सासऱ्यांचा हातमाग होता, पण सूत पेढीवाल्याचं. म्हणून विणलेलं लुगडंही त्याचंच, आणि हातात पडायची नुसती मजुरी. तिची ती म्हण तिथली. पुढे माग बंद पडला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापले माग चुलीत घातले. तिने मागाचे दोन लाकडी रूळ काढून घेतले आणि सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसली.

महिनाभराने तिचा रिक्षा निघाला तेव्हा बर्डीचा रस्ता थांबला. रिक्षाच्या पाठीवर दोन रूळ उभे, त्यांच्यामध्ये रंगवलेलं कापड. मागच्या चाकाला साखळी जोडलेली. चाक फिरलं की रूळ हळूहळू फिरे आणि कापड एकावरून दुसऱ्यावर सरके. आधी बाईचा चेहरा, मग पदर, मग काठ, मग दुकानाचं नाव. लोक पुढचं चित्र बघायला रिक्षामागे चालू लागले. माझ्या पत्रकामागे आजवर कोणी चाललं नव्हतं.

एका रिक्षाच्या कमाईतून दुसरा, दुसऱ्याच्या कमाईतून तिसरा, असं तिचं चाललं होतं. मी छापखान्याच्या खिडकीतून मोजत असे. पाचवा दिसला त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

आणि मग चौकातल्या मोठ्या साडीवाल्याचं दिवाळीचं काम तिच्याकडे गेलं. बारा वर्षं ते माझं होतं. त्या एका कामावर माझा पुढचा उन्हाळा निघे. शेटजी हात जोडून म्हणाले, "बाई, राग नका मानू. आजकाल लोक वाचून नाही राहिले, पाहून राहिले."

मी राग मानला. वर्षभर मानला. मग पुढच्या दिवाळीआधी सुतार गाठला, रूळ करून घेतले, रिक्षा भाड्याने घेतला, पेंटरला बसवलं. शेटजींना दाखवलं. तिच्यासारखंच कापड, वर पत्रकं फुकट. शेटजींनी मान डोलावली आणि काम परत माझ्याकडे आलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, भर संध्याकाळी, माझा रिक्षा इतवारीतून बर्डीकडे निघाला. मी मागून चालत होते. रेल्वेच्या लोहापुलाखाली तो आला आणि कापड संपलं. मी छापखानेवाली, माझ्या डोक्यात कागद. एक संपला की दुसरा लावायचा. इथे कापडाचं टोक सुताराने रुळाला खिळ्यांनी ठोकलेलं. ते ताणलं गेलं, साखळी आवळली, मागचं चाक जाम झालं. रिक्षा ना पुढे जाई ना मागे. दोन्हीकडून सायकली, टांगे, हातगाड्या तुंबल्या. वर ताणलेल्या कापडावर साडीवाल्याच्या जाहिरातीतल्या बाईचे फक्त दोन पाय दिसत होते. कोणीतरी ओरडलं, "बाकीची बाई कुठी गेली गा?" सगळा पूल हसला.

समोरून तिचा रिक्षा आला. तिने आधी स्वतःचा भोंगा बंद केला. मग उतरली, पदर खोचला, पकडीने खिळे उपटले, साखळी सैल केली आणि रुळांची अदलाबदल करून टाकली. आता रिक्षा उलटा इतवारीकडे निघाला की कापडही उलटं सरकणार होतं. तिची सगळी कापडं तशीच होती, जाताना वाचता येतील आणि येतानाही. प्रत्येक रस्त्याचं कापड वेगळ्या लांबीचं. तिने रस्ते आधी चालून मोजले होते.

"कापड मोजलं होतं?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.

"ताणा मोजल्याबिगर कोनी माग लावते का, बाई?" ती हसली नाही. हसली असती तर मला सोपं गेलं असतं. हात पुसत म्हणाली, "असं अक्षर मले नाही जमत. कापड माह्यं, अक्षर तुमचं. करता का संगं?"

जिने बँकेला नाही म्हटलं, व्यापाऱ्याला नाही म्हटलं, ती मला विचारत होती, तेही चारचौघांत, मी तिची युक्ती चोरताना सापडले असताना. मला ते सोसलं नाही.

मी म्हटलं, "सूत ज्याचं, लुगडं त्याचं. माझं सूत माझ्याकडे राहू द्या."

तिने पकड कमरेला खोचली. "बरोबर हाय," म्हणाली आणि आपल्या रिक्षात जाऊन बसली.

त्यानंतर ती वाढतच गेली. हिंगण्याला शेड झाली, जीप आली, भंडाऱ्या-वर्ध्याच्या जत्रांना तिची कापडं जाऊ लागली. साडीवाला तिच्याकडे गेला तो गेलाच. रस्त्यात भेटली की मान हलवायची. पुन्हा कधी विचारलं नाही. मी वाट पाहिली, हेही सांगून टाकते.

एका मे महिन्यात तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. घरच्यांनी रिक्षे विकले. जीप भंगारात गेली.

दसऱ्याला शेटजी स्वतः माझ्या दारात आले. मी काम घेतलं. घेणारच. गुलाबी कागद, दुरंगी छपाई, तशी पत्रकं मी त्याआधी काढली नव्हती आणि नंतरही नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी व्हेरायटी चौकात उभी राहून मी स्वतः ती वाटली. गर्दी भरपूर होती. लोक पत्रक घेत, घडी घालत, खिशात टाकत. एक बाई तर उभी राहून पूर्ण वाचत होती. मी मात्र लोहापुलाकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत होते, आणि हातातला गठ्ठा कधी संपला ते मला कळलं नाही.