शांतेसाठी सोलापूर पाहिलं

धाकट्या बहिणीला, शांतेला, सोलापूरचं स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या वाईच्या घरात पहिला प्रश्न मुलाचा नव्हे, पाण्याचा निघाला. कृष्णेच्या घाटावर वाढलेली पोर त्या रखरखाटात द्यायची? आईने डोळ्यांना पदर लावला. मामा म्हणाले, गिरणगाव ते, कुठकुठली माणसं येऊन राहिलीत. वडील नसल्यामुळे आमच्याकडे मामांचा शब्द शेवटचा. पण शांतेने त्याआधीच आपला शब्द टाकला.

“मामा घर बघतील, पत्रिका बघतील. मला राहायचंय ते गावात. ताई, तू जाऊन गाव बघून ये. आणि चैत्रातच जा. थंडीत कुठलंही गाव बरं दिसतं.”

माझं कुंकू फार लवकर गेलं. तेव्हापासून मी माहेरी असते, मुलींच्या शाळेत शिकवते, आणि घरी हसायला-बोलायला काय ती एक शांता. त्यामुळे खरं सांगायचं तर सोलापूर वाईट निघावं असंच मला वाटत होतं.

कुणाला जायचं असेल तर सांगते. वाठारपर्यंत मोटार, तिथून पुणे, आणि पुण्याहून सोलापूरची गाडी. पाण्याचा तांब्या भरून घ्या आणि उन्हाच्या बाजूची खिडकी सोडून बसा. जेऊरपर्यंत मामांच्या आणि माझ्या दशम्या अन् लोणचं संपलं. पुढे नजर जाईल तिथवर काळी रिकामी रानं. नुसतं बघूनच घशाला कोरड पडली. शांतेला सांगायला पहिला मुद्दा मिळाला म्हणून मी मनातल्या मनात खूष झाले.

मोहोळला एक बाई डोक्यावर गाठोडं आणि हातात कोंबडी घेऊन चढली. मामांनी धोतर आवरून घेतलं. तिच्या दोन्ही लेकी गिरणीत होत्या आणि ही त्यांच्याकडेच कायमची निघाली होती. गाव सोडताना जिवावर नाही का आलं, असं मी विचारलं.

“आलं की. पन तितं भोंगा वाजला की चूल पेटती, बाई. गावाकडं आबाळाकडं बगून पेटवावी लागती,” असं म्हणून तिने कोंबडीला पाणी पाजलं. पाणी माझ्याच तांब्यातलं होतं.

सोलापूर स्टेशनवर मुलगा स्वतः न्यायला आला होता. गोविंद नाव, गिरणीच्या विणाई खात्यात कारकून, उंच, सावळा आणि बोलायला जरा कमीच. टांगेवाल्याने आठ आणे मागितले, मामांनी सहावर आणले. वाटेत टांगेवाला घोड्याशी दखनी उर्दूत बोलत होता, पेठेतला वाणी गिऱ्हाइकाशी कानडीत, आणि घरी पोचलो तर गोविंदाच्या आई दारातच “बर्री, बर्री”, म्हणजे या या, म्हणाल्या आणि लगेच मराठीवर आल्या. त्या अक्कलकोट संस्थानातल्या, शेजारचे कुणी निजामाच्या मुलखातले, कुणी विजापूरकडचे. चार मुलखांतून माणसं येत होती आणि गाव दर वर्षी एक आळी पुढे सरकत होतं. जेवायला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मामांनी चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली, पण तोंडावर पसंती येऊ दिली नाही.

ऊन मात्र ऐकलं होतं त्याहून वाईट निघालं. नळाला पाणी ठरलेल्या वेळेला, आणि त्याआधीपासून घागरींची रांग. सिद्धेश्वराच्या देवळाभोवतीचं तळं तेवढं डोळ्यांना गार वाटलं. तेही चैत्रात खाली गेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणीत जाण्याआधी, गोविंद आम्हाला गाव दाखवायला घेऊन निघाला. विणकरांच्या वस्तीत तेलुगू बोलणारी घरं. तिथे एका लांब गल्लीत भर रस्त्यात सुताचा ताणा पसरलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत शेकडो धागे, आडव्या काठ्यांवर ताणलेले, आणि माणसं त्यांना कुंच्याने खळ लावत होती. बैलगाड्या निमूट थांबल्या होत्या. इतक्यात वावटळ उठली. एका बाजूची टेकणं कोसळली आणि ताणा मधोमध लोंबायला लागला.

गोविंद पांढऱ्या धोतरानिशी धावला आणि त्याने टोक धरलं. गाडीवाले उतरले. ताणा पडायला लागला की जवळ असेल त्याने धरायचा, ओळखपाळख लागत नाही, अशी तिथली रीत. एका म्हातारीने तेलुगूत काहीतरी म्हणत काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं. शुभकार्य निघालं की आपण होऊन मागच्या खोलीत जायची सवय लागलेली बाई मी. म्हातारीने माझ्या कपाळाकडे पाहिलंच नाही, नुसती काठी घट्ट धरते की नाही तेवढं बघितलं. मला अगदी भरून आलं. पलीकडे मामाही छत्री काखेत मारून काठी धरून उभे होते.

खळ वाळेपर्यंत सोडता येत नव्हतं. गिरणीचा दुसरा भोंगा झाला. गोविंदाची त्या दिवसाची हजेरी गेली.

“हे लोक तुमचे कोण?” मामांनी विचारलं.

“कुणी नाहीत. पण मी सोडलं तर पलीकडच्या बाईवर सगळा भार येईल.”

परतीच्या गाडीत मामा उपरण्यावरची वाळलेली खळ नखाने काढत बसले. मोहोळ मागे पडल्यावर म्हणाले, पोरगा बरा आहे, आता तुझ्या गावाचं तू सांग. ते शांतेलाच सांगेन, मी म्हणाले.

घरी शांता ओसरीवर वाटच पाहत होती. उन्हाचं सांगितलं, नळाचं सांगितलं, घागरींच्या रांगेचंही. तिचा चेहरा उतरत गेला. इथेच थांबले असते तर एकही खोटा शब्द न बोलता मी तिला घरी ठेवून घेतली असती. मग ताण्याचं सांगितलं, काठीचं आणि म्हातारीचंही.

“तुला आवडलं गाव?” तिने विचारलं.

“आवडलं,” मी म्हणाले.

पुढे ज्येष्ठात लग्न झालं. कन्यादानाला मामा-मामी बसले आणि मी रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीत होते. आता संध्याकाळी ओसरीवर मी एकटी असते आणि सोलापूरहून कुणी आलं की आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारते. पण मनाला एक ठाऊक आहे. मंडपातलं कन्यादान मामांनी केलं. त्याआधीचं मी केलं होतं, इथेच ओसरीवर, एका शब्दात.